गुरुत्वाकर्षण क्वांटम कशाला करायचं?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण काळाविषयी बोललो. ते संपल्यावर एका शेतकरी श्रोत्यानं मला अडवलं आणि विचारलं, "सर, आइनस्टाइनचंबी बरोबर हाय अन् क्वांटमवाल्याईचंबी बरोबर हाय. दोघंही आपापल्या जागी बरे हायेत. तं मंग त्याईले एकत्र काऊन आनता?" आजचं व्याख्यान या "काऊन"वर आहे. प्रश्न भोळा वाटतो, पण भौतिकशास्त्रज्ञांतलेही काही लोक तो अगदी गंभीरपणे विचारतात.

आधी "दोघंही बरोबर" म्हणजे किती बरोबर ते पाहू. तुमच्या खिशातला मोबाइल घ्या. त्याच्यातली चिप क्वांटम सिद्धान्ताशिवाय तयारच झाली नसती. त्याच मोबाइलवर तुम्ही नकाशा उघडता, तेव्हा तो वर फिरणाऱ्या उपग्रहांच्या घड्याळांवर विसंबतो. ती घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, कारण तिथं गुरुत्वाकर्षण कमी आहे. उपग्रहाच्या वेगामुळे घड्याळ थोडं मागे पडतं, तेही या हिशेबात धरलेलं आहे. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात नकाशा काही किलोमीटरनं चुकेल. ही दुरुस्ती आइनस्टाइनच्या सिद्धान्तातून येते, आणि ती घड्याळं मात्र अणूंच्या क्वांटम उड्यांवर चालतात. म्हणजे दोन्ही सिद्धान्त एकाच खिशात सुखानं नांदताहेत.

आपण मूर्तिजापूरची माणसं. आपल्या स्टेशनात ब्रॉडगेजही होती आणि शकुंतलेची नॅरोगेजही होती. एक १६७६ मिलिमीटर रुंद, दुसरी ७६२. दोन्ही रूळ आपापल्या जागी चांगले. मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या माणसाला शकुंतलेच्या रुळाशी काही घेणं नाही, आणि अचलपूरहून दर्यापूरला जाणाऱ्याला ब्रॉडगेजशी नाही. अडचण फक्त त्याची, ज्याचा माल यवतमाळहून निघून मुंबईला जायचा आहे. तोच डबा पुढं जात नाही. निसर्गात असं जंक्शन आहे का, हा खरा प्रश्न. नसेल तर आमच्या शेतकरी मित्राचं म्हणणं बरोबर, दोन सिद्धान्त वेगळे राहू द्या.

उत्तराकडे जाण्याआधी एक कारण मी बाजूला काढून ठेवतो, कारण ते फार वेळा दिलं जातं आणि मला ते पटत नाही. लोक म्हणतात, सगळं विश्व एकाच सूत्रात बांधलेलं असलं पाहिजे. मॅक्सवेलनं वीज आणि चुंबकत्व एक केलं, आता राहिलेलंही एक करू. महाराष्ट्रात तर हे लगेच पटतं, आपल्याला अद्वैताची गोडी जुनीच. पण माझा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, म्हणून सांगतो: विश्व एक असावं ही आपली इच्छा आहे. ती पुरावा नव्हे. निसर्गानं दोन पुस्तकं ठेवली असतील तर ठेवली असतील. दोन्ही पुस्तकं एकाच पानावर एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील, तरच तक्रार करायचा अधिकार आपल्याला आहे.

तशी ती बोलतात का? इथं मला शेताची मोजणी आठवते. मोजणीला दोन गोष्टी लागतात, एक साखळी आणि दुसरी हद्दीचे दगड. आता दोन विचित्र गावं कल्पा. पहिल्या गावात साखळी एकदम पक्की आहे, ती कधी ताणत नाही की आखडत नाही. पण हद्दीचा दगड मात्र पाहायला जाईपर्यंत एका जागी नसतो. तो थोडा इकडे असतो, थोडा तिकडे असतो. हे क्वांटमचं गाव. तिथं अवकाश आणि काळ ही पक्की साखळी असते, आणि वस्तू अनिश्चित असतात. दुसऱ्या गावात दगड आपल्या जागी पक्के आहेत, पण साखळीच शेतात काय पडलंय ते पाहून ताणते. जड दगडाजवळ साखळीची लांबी बदलते, घड्याळ हळू चालतं. हे १९१५ चं, आइनस्टाइनचं गाव.

आता दोन्ही गावं एकाच शेतात आणा. साखळी किती ताणायची हे दगड ठरवणार, आणि दगड कुठं आहे हेच ठरलेलं नाही. मग साखळीनं ताणायचं कसं?

हा शब्दांचा खेळ नाही. दगडाच्या जागी इलेक्ट्रॉन घ्या, अणू घ्या. एक अणू एकाच वेळी दोन वाटांनी जातो, हे प्रयोगशाळेत रोज दिसतं. त्या अणूला वजन आहे, म्हणजे त्याचं गुरुत्वाकर्षणही आहे, कितीही क्षीण असो. ते कुठल्या वाटेकडून ओढतं? सर्वांत सोपं उत्तर असं की सरासरीकडून: अर्धं इकडून, अर्धं तिकडून. असं मानलं तर गुरुत्वाकर्षणाला हात लावावा लागत नाही, जुना सिद्धान्त तसाच राहतो. १९८१ मध्ये पेज आणि गाइल्कर या दोघांनी हे तपासून पाहिलं. किरणोत्सारी पदार्थाचा क्षय ही अस्सल क्वांटम घटना. त्या क्षयाच्या मोजणीवरून शिशाचे गोळे कुठं ठेवायचे ते ठरवलं आणि शेजारी अतिशय नाजूक तराजू टांगला. तराजू गोळे जिथं खरोखर होते तिकडेच वळला, सरासरीकडे नाही. या प्रयोगात पळवाटा आहेत. निरीक्षण केल्याबरोबर क्वांटम अवस्था खरोखर मोडते असं तुम्ही मानलं, तर त्याची धार कमी होते. पण सरासरीचं सोपं उत्तर फुकट मिळणार नाही, एवढं त्यातून कळलं.

आइनस्टाइनला स्वतःला ही अडचण १९१६ मध्येच दिसली होती. अणूत फिरणारा इलेक्ट्रॉन नवीन सिद्धान्ताप्रमाणे गुरुत्वीय लहरी सोडणार, ऊर्जा गमावणार, आणि अणू शेवटी कोसळायला हवा. म्हणून त्यानं लिहून ठेवलं की क्वांटम सिद्धान्ताला या नव्या गुरुत्वाकर्षणातही बदल करावा लागेल असं दिसतं. गंमत अशी की पुढच्या आयुष्यात तो क्वांटमवरच रुसला.

यानंतरचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं, आणि मला ते आज मुद्दाम सांगायचं आहे. मात्वेई ब्रॉनश्टाइन हा लेनिनग्राडचा तरुण. १९३६ मध्ये त्यानं विचारलं: एखाद्या बिंदूपाशी गुरुत्वाकर्षण किती आहे ते आपण किती अचूक मोजू शकतो? मोजायचं म्हणजे तिथं एखादी वस्तू ठेवून ती किती ढकलली जाते ते बघायचं. क्वांटमचा नियम असा की हलकी वस्तू बघता बघताच धक्का खाऊन भलतीकडे जाते. म्हणून वस्तू जड घ्या. विद्युतक्षेत्र मोजताना हे चालतं, विद्युतभार तोच ठेवून वस्तू हवी तेवढी जड करता येते. पण गुरुत्वाकर्षणात जडपणा हाच भार. वस्तू जड केली की ती स्वतःच जागा वाकवायला लागते. आणखी जड करून लहानशा जागेत कोंबली तर ती स्वतःभोवती दार लावून घेते. आज आपण त्याला कृष्णविवर म्हणतो. मग तिच्याकडून बातमीच येत नाही. म्हणजे मोजण्याच्या अचूकपणाला इथं एक तळ आहे, आणि तो यंत्राच्या कमअस्सलपणामुळे आलेला नाही. निसर्गानंच तो घातलेला आहे. यावरून ब्रॉनश्टाइननं काढलेला निष्कर्ष असा की अवकाश आणि काळ या आपल्या नेहमीच्या कल्पनाच तिथं सोडाव्या लागतील. १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला धरलं आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळी घातली. वय ३१.

तो तळ किती खोल आहे? लांबीचा आकडा १८९९ मध्येच मॅक्स प्लांकनं काढून ठेवला होता, प्रकाशाचा वेग, न्यूटनचा गुरुत्वांक आणि स्वतःचा नवा स्थिरांक यांची जुळणी करून. दशांशचिन्हानंतर ३४ शून्यं आणि मग १६, इतके मीटर. असे आकडे ऐकून डोक्यात काही शिरत नाही, म्हणून असं करू. प्लांकची लांबी फुगवून खसखशीच्या एका दाण्याएवढी, एक मिलिमीटर, केली असं समजा. त्याच प्रमाणात प्रोटॉन फुगवला तर तो दहा प्रकाशवर्षांहून मोठा होईल, इथून व्याधाच्या ताऱ्याच्याही पलीकडे. आणि प्रोटॉन म्हणजे अणूच्या गाभ्यातला कण बरं, अणू तर त्याच्याहून फार मोठा.

मग इतक्या खोलवर जातंच कोण? कुणाच्या मालाला तिथं गाडी बदलायची आहे?

दोन ठिकाणं आहेत. एक कृष्णविवराचं पोट, दुसरं विश्वाची सुरुवात. १९५५ मध्ये कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरींनी एक समीकरण मांडलं. त्याचा साधा अर्थ असा की गुरुत्वाकर्षण वाटांना एकमेकांजवळ आणतं, आणि एकदा जवळ यायला लागल्या की त्या एकत्र मिळाल्याशिवाय राहत नाहीत. त्याचा आधार घेऊन पेनरोझनं १९६५ मध्ये आणि नंतर हॉकिंगनं दाखवलं की आइनस्टाइनचा सिद्धान्त खरा असेल तर काही ठिकाणी तो स्वतःच संपतो. घनता अनंत होते, समीकरण उत्तर देत नाही. याला सिंग्युलॅरिटी म्हणतात. लोक तिला वस्तू समजतात, तिची चित्रं काढतात. मी तिला वस्तू मानत नाही. ती "पुढे रस्ता बंद आहे" अशी पाटी आहे, आणि पाटी सिद्धान्तानं स्वतःच लावलेली आहे. हे मला सर्वांत पक्कं कारण वाटतं. बाहेरच्या कुणी टीका केलेली नाही, सिद्धान्तच म्हणतोय की माझी हद्द इथं संपली.

इथं आपल्या मराठी माणसांकडे येऊ, कारण या कामात ते आघाडीवर आहेत आणि आपल्याकडे त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. लोकांना ते स्थिर विश्वाच्या सिद्धान्तासाठी आणि विज्ञानकथांसाठी माहीत आहेत. पण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी या प्रश्नावरही काम केलं. त्यांची युक्ती आपल्या मोजणीच्या भाषेत सांगता येते: सगळं गुरुत्वाकर्षण क्वांटम करणं अवघड, तर फक्त साखळीची लांबी क्वांटम करू, बाकी आकार तसाच ठेवू. एवढं केलं तरी सिंग्युलॅरिटीजवळ अनिश्चितता इतकी वाढते की विश्वाची सुरुवात अनंत घनतेतूनच झाली असं म्हणायची सक्ती उरत नाही. त्यांचे विद्यार्थी थाणू पद्मनाभन यांनी त्यांच्याबरोबर हे पुढे नेलं. पद्मनाभन केरळचे, पण सारं काम मुंबई-पुण्यात झालं. पुढे आयुकात असताना त्यांनी वेगळंच वळण घेतलं, त्याकडे मी येतो.

दुसरे अभय अष्टेकर. जन्म १९४९, धुळे जिल्ह्यातलं शिरपूर. मुंबई विद्यापीठात शिकले, शिकागोला डॉक्टरेट केली आणि अनेक वर्षं अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात आहेत. १९८६ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. आइनस्टाइनची समीकरणं क्वांटमच्या भाषेत लिहायला गेलं की अतोनात गुंतागुंतीची व्हायची. अष्टेकरांनी साखळीच बदलली. लांबी मोजूच नका म्हणाले, दिशा वाहून न्या.

म्हणजे काय ते पाहा. हातात काठी घ्या, टोक समोर धरा, आणि तुमच्या शेताच्या धुऱ्यानं पूर्ण फेरी मारा. वळणावर तुम्ही वळा, काठी वळू देऊ नका. परत आलात की काठी सुरुवातीच्याच दिशेला असेल, कारण शेत सपाट आहे. आता हीच फेरी पृथ्वीएवढी मोठी करा. विषुववृत्तावर उभे राहा, काठी उत्तरेकडे धरा. सरळ उत्तर ध्रुवावर जा. तिथून काठी न फिरवता वेगळ्या बाजूनं, काटकोनात, पुन्हा विषुववृत्तावर उतरा, आणि विषुववृत्तावरूनच मूळ जागी या. काठी नव्वद अंशांनी फिरलेली असेल. तुम्ही ती फिरवली नाही, जमिनीच्या गोलाईनं फिरवली. म्हणजे कुठलीही लांबी न मोजता, फक्त बंद फेरी मारून, वाकणं किती आहे ते कळतं. अष्टेकरांच्या चलांत लिहिल्यावर समीकरणं एकदम सुटसुटीत झाली, आणि ती विद्युतचुंबकत्वाच्या व अणुगाभ्यातल्या बलांच्या समीकरणांसारखी दिसू लागली. रोव्हेली आणि स्मोलिन यांनी या बंद फेऱ्याच मूळ घटक मानून सिद्धान्त उभारला. फेरी म्हणजे लूप, म्हणून नाव लूप क्वांटम ग्रॅव्हिटी. १९९५ मध्ये त्यांना त्यातून उत्तर मिळालं की क्षेत्रफळ हवं तितकं लहान करता येत नाही. एकराचे गुंठे करा, गुंठ्याचे चौरस फूट करा, करत जा, एका पायरीवर थांबावंच लागतं. २००६ मध्ये अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी हा हिशेब विश्वाच्या सुरुवातीला लावला. साधं, एकसारखं विश्व गृहीत धरून, पण हिशेब पूर्ण करून. मागे मागे जाताना अनंत घनता येत नाही. घनता एका कमाल आकड्यापर्यंत जाते आणि विश्व उसळी मारतं, अलीकडे प्रसरण आणि पलीकडे आकुंचन. "रस्ता बंद"ची पाटी निघते.

मी हे सांगितलं की सभेत कुणीतरी उठतंच: "सर, कणादानं हे आधीच सांगितलं होतं." नाही. वैशेषिकांनी पृथ्वी, जल, तेज, वायू यांचे परमाणू मानले. आकाश, काल आणि दिक् यांना मात्र विभू म्हटलं, सर्वव्यापी, एक, तुकडे नसलेलं. अष्टेकरांचा सिद्धान्त तुकडे करतो तो नेमक्या त्या जागेचे, ज्याला कणादानं हात लावला नाही. कणाद मोठाच आहे. त्याचा मोठेपणा सिद्ध करायला त्याच्या तोंडी त्याच्या मताच्या उलटं वाक्य घालायची गरज नाही.

आता बाकीच्यांबद्दल थोडक्यात. स्ट्रिंग सिद्धान्त दुसऱ्या टोकानं येतो. मूळ घटक बिंदू नसून तार आहे असं मानलं की गुरुत्वाकर्षण त्यातून आपोआप निघतं. कोल्हापूर जिल्ह्यातले अतीश दाभोलकर त्या वाटेनं चालणारे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, आणि २०१९ पासून इटलीतल्या ट्रिएस्ट इथल्या आंतरराष्ट्रीय भौतिकी केंद्राचे संचालक झाले. त्यांचं काम कृष्णविवराच्या एंट्रॉपीच्या अचूक मोजणीवर आहे. ही मोजणी म्हणजे दोन्ही पक्षांची परीक्षा आहे. बेकेनश्टाइन आणि हॉकिंग यांनी १९७२ ते १९७४ च्या दरम्यान सांगितलं की कृष्णविवरात किती माहिती मावते हे त्याच्या घनफळावर नाही, पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतं. प्लांकच्या लांबीचा वर्ग हे एकक धरून क्षेत्रफळ काढा, चारानं भागा, ती एंट्रॉपी. खोलीत किती पुस्तकं मावतात हे भिंतींवर ठरावं असा हा प्रकार. हा "एक चतुर्थांश" स्ट्रिंगवाल्यांना काही खास कृष्णविवरांसाठी तंतोतंत मिळाला, पण ती कृष्णविवरं आकाशातल्यासारखी नाहीत. लूपवाल्यांना साध्या कृष्णविवरांसाठी क्षेत्रफळाशी प्रमाण मिळतं, पण चतुर्थांश यावा म्हणून एक आकडा हातानं बसवावा लागतो. दोघांनीही आपापली उणीव झाकू नये असं माझं मत आहे.

पद्मनाभन यांचं म्हणणं तिसरंच. एंट्रॉपी, तापमान हे शब्द गुरुत्वाकर्षणात येतातच का? पाण्याला तापमान असतं, कारण पाणी रेणूंचं असतं. पण पाण्याच्या प्रवाहाची समीकरणं घेऊन ती "क्वांटम" केली तर त्यातून रेणू सापडत नाहीत. तसंच आइनस्टाइनची समीकरणं ही प्रवाहाची समीकरणं असतील, तर ती क्वांटम करत बसणं म्हणजे चुकीच्या विहिरीत पोहरा सोडणं. पद्मनाभन २०२१ च्या सप्टेंबरात गेले. आमच्या शेतकरी मित्राच्या "काऊन"ला सर्वांत जवळचं उत्तर त्यांचं आहे: एकत्र आणा, पण हे दोघं ज्यातून निघाले त्या तिसऱ्याला शोधा.

राहिला प्रयोग. अकोला, वाशिम ओलांडलं की हिंगोली. तिथं औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन काटकोनी बोगदे, त्यात लेसर. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली गुरुत्वीय लहर पकडली, तेव्हा चार किलोमीटरच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या हजाराव्या भागाएवढा होता. आमची पोरं विचारतात, हे यंत्र प्लांकची लांबी दाखवेल का? दाखवणार नाही. त्याच्याही खाली अजून सतरा शून्यं आहेत. पण क्षेत्रफळाचा नियम ते तपासू शकतं. १४ जानेवारी २०२५ ला टिपलेल्या लहरीत दोन कृष्णविवरं एक झाली. आधी दोघांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर, नंतर एकाचं सुमारे ४,००,०००. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा. म्हणजे आधी महाराष्ट्रापेक्षा लहान, नंतर मोठं. क्षेत्रफळ कमी होत नाही हे हॉकिंगनं १९७१ मध्ये सांगितलं होतं, ते असं मोजून दिसलं.

दुसरी वाट मला जास्त आशेची वाटते, आणि तिला बोगदा लागत नाही. २०१७ मध्ये सौगातो बोस व त्यांचे सहकारी, आणि स्वतंत्रपणे मार्लेटो व वेद्राल, यांनी एक प्रयोग सुचवला. हिऱ्याचे साधारण एक मायक्रॉनचे दोन कण घ्या. दोन्ही "इथंही आणि तिथंही" अशा अवस्थेत ठेवा. त्यांच्यात दुसरं कुठलंच बल राहणार नाही अशी तजवीज करा, फक्त एकमेकांचं गुरुत्वाकर्षण राहू द्या. थोड्या वेळानं दोघांची क्वांटम गुंतवण झाली का ते तपासा. झाली, तर गुरुत्वाकर्षण सरासरीवर चालणारी जुनी साखळी नाही, तेही दगडाबरोबर "इथंही आणि तिथंही" होतं, असं बहुतेकजण मानतील. नाही झाली, तर लूप आणि स्ट्रिंग दोघांनाही पाटी पुसून पुन्हा बसावं लागेल. अडचण वजनाची आहे. २०१९ मध्ये व्हिएन्नात दोन वाटांनी पाठवलेला रेणू हायड्रोजनच्या अणूच्या २५,००० पट जड होता. हिऱ्याचा तो कण त्याहून कोट्यवधी पटींनी जड. इतका जड कण सेकंदभर तरी, हवेचा एक रेणूही न लागू देता, दोन जागी ठेवायचा आहे. अनेक प्रयोगशाळा या कामाला लागल्या आहेत.

बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.